कपिलनं बिडी सोडली

आमच्या कपिलचा हात इतका हलका, की सुई टोचली तरी पेशंटला कळत नाही. धाकटा भाऊ म्हणून कौतुक करत नाही मी. नर्सिंग शिकलाय, उंब्रजच्या एका दवाखान्यात सलाईन लावण्यापासून म्हाताऱ्यांना भांडं देण्यापर्यंत सगळं तोच बघतो. पण मेल्याला बिडी सुटत नव्हती. एकटा माणूस आख्खा वॉर्ड सांभाळणार, जरा उसंत मिळाली की मागच्या जिन्यात जाऊन झुरके मारणार.

बायको अंजना आणि लेक पिंकी आमच्याजवळ पलूसला. हा तिकडं खोली करून राहायचा, सुट्टी मिळेल तेव्हा यायचा. एकदा असाच आला, तर पिंकी आत पळाली आणि आईला म्हणाली, "कोण तर काका आलेत." बापाला! त्याचा चेहरा बघवला नाही मला. तेव्हापासून त्यानं ठरवलं, सांगलीकडं नोकरी बघायची आणि रोज घरी यायचं.

पण जाईल तिथं बिडी आडवी. माधवनगरच्या डॉक्टरीणबाई त्याचं काम ऐकून खूश झाल्या आणि तो जवळ येताच त्यांनी नाकाला रुमाल लावला. "दम्याच्या पेशंटवर वाकायचं तुम्ही, हा वास घेऊन?" दुसरीकडं बडीशेप चावत गेला, तर बोटं पिवळी दिसली. बरोबरच होतं त्यांचं. तरी मला त्यांचाही राग यायचा आणि ह्याचाही.

मग सांगलीत हृदयाच्या एका नव्या हॉस्पिटलात जागा निघाल्या. मुलाखत झाली, कपिल पसंत पडला. अट एकच, तंबाखू घेणारा माणूस चालणार नाही, रुजू होण्याआधी लघवी तपासणार. कपिलनं पिंकीची शपथ घेऊन बिडी सोडली.

आणि सोडली की हो! दवाखान्यात रजा टाकून घरी बसला. भरल्या ताटावरून उठायचा, अंजनावर खेकसायचा, पण शिवला नाही बिडीला. त्रास एकच, पोट साफ होईना. बिडी ओढल्याशिवाय त्याला सकाळी कधी होतच नव्हतं. पोट धरून कळवळायचा. शेवटी आमची आई, बनुबाई, म्हणाली, "आरं, चिमूटभर मिश्री लाव. मी जलमभर लावतीय, कवा पोटाची तक्रार हाय का माजी?"

मिश्री म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळी भाजून कुटलेली. पण आमच्याकडं बायका सकाळ-संध्याकाळ तिनं दात घासतात, तिला व्यसन कोण म्हणतं? ओढायची ती बिडी, ती सोडली, विषय मिटला. नर्सिंग शिकलेल्याच्या सुद्धा डोक्यात उजेड पडला नाही.

रिपोर्ट घ्यायला मी त्याच्याबरोबर गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "तंबाखू निघालीय."

"मॅडम, बिडीला हात लावला नाही. पोरीची शपथ."

"मिश्री लावता का?"

कपिलनं दातांवरून जीभ फिरवली. "ती... दाताला लावतो."

बाईंनाही वाईट वाटलं असावं. पण नियम म्हणजे नियम, वर्षभरानं परत अर्ज करा म्हणाल्या. इकडं उंब्रजचे फोन सुरू झालेले, येतोस का दुसरा माणूस ठेवू?

घरी आलो तर आई दारातच. "तंबाखू निघाली म्हणं," मी बोलून गेले. आई भडकलीच. "मशीन बिघडलं आसंल त्यांचं! माज्या डोळ्यादेखत सोडली त्यानं. थांबा, मी जाती आन् सांगती त्या डॉक्टरला. आई हाय मी त्याची!" खरंच निघाली हो बाई. पिशवी घेतली, चपला घातल्या.

कपिल आडवा आला. मला वाटलं, आता सांगणार. माझ्याही ओठावर आलं होतं. पण आपल्याच हातानं लेकाची नोकरी गेली हे कळलं असतं, तर म्हातारीनं हाय खाल्ली असती.

"आये, जाऊ नगंस," तो म्हणाला. "मी वढत हुतो. तुमच्या चोरून."

अंजना स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पिंकीची शपथ घेऊन?"

"व्हय."

तिनं पिंकीला उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी कपिलकडं बघितलं, त्यानं डोळ्यांनीच मला दटावलं. मी गप्प बसले, अजून गप्पच आहे. दुसऱ्या दिवशी तो उंब्रजला गेला, तेव्हा आईनं त्याला भाकरी बांधून दिली नाही.