शेवटचा पूल

चूक माझीच होती. बायकोचा व्हिडिओ गेम मी तिला न विचारता संपवून टाकला.

सुनीता चार महिने त्या गेममध्ये नुसती फिरायची. तळ्याकाठी बसायची, गावातल्या म्हातारीला फुलं नेऊन द्यायची. शेवटचा पूल ओलांडला की खेळ संपतो, म्हणून पुलापाशी जाऊन परत यायची. मी जन्मभर जिंकण्यासाठीच खेळलो. मला वाटलं, ती अडकलीय. रविवारी ती भाजीला गेली, तेव्हा मी पूल ओलांडला, राक्षस मारला आणि तिच्या जुन्या खेळावरच सेव्ह केलं, म्हणजे तिचा खेळ पुसला गेला.

"बघ, सोडवला तुझा गेम!"

पडद्यावर तळं नव्हतं, बनवणाऱ्यांची नावं सरकत होती.

"अहो, अडकलं होतं कोण?" एवढंच म्हणून ती मेथी निवडायला बसली.

तिथेही तिला घाई नव्हती. गेम बनवणाऱ्याने ते तळं कुणीतरी बसावं म्हणूनच काढलं असणार. मी मात्र सगळी तळी टाळत, पुढचा टप्पा गाठत इथवर आलो, आणि आता नुसता दमलोय.

मी तिच्यासमोर बसलो, अर्धी जुडी ओढून घेतली.

"चुकलो गं. तुझं तळं मी घालवलं."