धंतोलीत कोण उतरतं?

नागपुरात माझ्या दोन बहिणी राहतात, हीच मुळात अडचण. एकच असती तर तिच्याकडे उतरलो असतो, एकही नसती तर खुशाल हॉटेलात. थोरलीला आम्ही ताई म्हणतो, मधलीला माई. धाकटा मी, नोकरीपायी पुण्यात जाऊन पडलेला. ताईचं घर नंदनवनात, माईचं त्रिमूर्तीनगरात, म्हणजे शहराच्या दोन बाजूंना. त्यात आई गेल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

कारण असं की आई शेवटच्या आजारात नागपूरला दवाखान्यात होती, आणि दोघी आलटूनपालटून तिच्या उशाशी बसत. एका दुपारी ताई माईला म्हणाली, तू घरी जा, आंघोळ कर, मी आहे इथं. माई गेली आणि तेवढ्यात आई गेली. "तिनं मले घरी पाठवलं," हे एकच वाक्य माई पुढची तीन वर्षं बोलत राहिली, माझ्याकडे, नवऱ्याकडे, भाजीवाल्याकडेसुद्धा बोलली असेल. ताईकडे मात्र नाही. ताईही असली हट्टी की एकदाही खुलासा केला नाही. मी पोचलो तोवर आईला काटोलला, आमच्या गावच्या घरी नेलं होतं. त्यामुळे मी ना तो दवाखाना पाहिला, ना ती दुपार. मला फक्त भांडण तेवढं मिळालं.

तेव्हापासून नागपूरला जायचं म्हटलं की मी आधी सबबी शोधतो. ताईकडे उतरलो की माई फोनवर विचारते, "जेवला का पोटभर?" त्या पोटभरमध्ये सगळं येतं. माईकडे उतरलो की ताई काहीच विचारत नाही, ते आणखी वाईट. मागच्या खेपेला एक रात्र इकडे आणि एक तिकडे असा न्याय केला, तर दोघींनाही तो अन्याय वाटला. माझी बायको तर म्हणते, तुम्ही नागपूरला जाता की सुनावणीला?

या थंडीत ऑफिसच्या कामासाठी तीन दिवस जायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की यंदा दोघींकडेही नाही. बहिणी असताना हॉटेलात उतरणं म्हणजे आमच्याकडे मोठा गुन्हा, पण गुन्हा दोघींच्या बाबतीत सारखाच होईल, एवढं समाधान होतं. मग कुठे राहायचं यावर चार संध्याकाळी घालवल्या. ऑफिसातल्या एकाने वाडीला स्वस्तात खोली मिळते म्हणून सांगितलं. तिथे गोदामं आणि ट्रक यांच्यात झोप कशी लागायची? सीताबर्डीवर गर्दी. धरमपेठेत फिरायला मजा येते, पण तिथून ताईचं घर लांब आणि माईचं जवळ, म्हणजे लगेच पक्षपात. शेवटी मोबाईलवर नकाशा उघडला, दोन्ही घरांवर बोट ठेवलं आणि मधोमध काय येतं ते पाहिलं. धंतोली आली. झाडं बरी दिसली, बाग दिसली, मेट्रो जवळ. लगेच लॉजवर खोली ठरवून टाकली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. काटोलच्या मातीतला माणूस मी! पण पुण्यात इतकी वर्षं काढली की साधी गोष्ट डोक्यातून गेली.

स्टेशनवर ऑटोवाल्याला धंतोली म्हटलं, तर त्याने हळू आवाजात विचारलं, "कोणत्या दवाखान्यात सोडू भाऊ?" मी म्हटलं, दवाखान्यात नाही, लॉजवर. तो म्हणाला, "हो हो, आधी सामान ठेवून घ्या." आणि खड्डे चुकवत इतकं सांभाळून नेलं की मला त्याचं कौतुक वाटलं.

लॉजच्या काउंटरवरचे काका त्याहून मायाळू. "पेशंट कोण आहे?"

"कोणी नाही. मी कामानं आलोय."

"असं असं," काका म्हणाले, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गरम पाणी चोवीस तास आहे. सकाळी मुगाची खिचडी भेटते, बिना तिखटाची. लिफ्टनंच जा, जिना चढू नका."

खोली स्वच्छ होती. खिडकीतून खाली औषधांच्या दुकानांची रांग दिसत होती. हातात एक्स-रेची मोठी पाकिटं घेतलेली माणसं गाडीवर तर्री-पोहे खात होती. मीही उतरून खाल्ले. तर्रीने नाकाडोळ्यांत पाणी आलं, आणि इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. मग त्याच आनंदात दोघी बहिणींना एकच निरोप पाठवला, अक्षरसुद्धा कमीजास्त नको म्हणून जसाच्या तसा: 'धंतोलीत आलोय. तीन दिवस इथेच आहे. काळजी करू नका. संध्याकाळी बोलतो.' खाली लॉजचा पत्ता. आणि फोन बंद करून बैठकीला गेलो.

आता हा निरोप विदर्भातल्या कोणाही माणसाला दाखवा. धंतोली म्हणजे नागपूरची दवाखान्यांची वस्ती. यवतमाळ असो की गोंदिया, घरात कोणी धंतोलीत आहे म्हटलं की शेजारीपाजारी हातातलं काम टाकून विचारतात, काय झालं? वर मी 'काळजी करू नका' लिहिलेलं.

दिवे लागायच्या सुमारास परत आलो, तर लॉजच्या बाकड्यावर ताई आणि माई बसलेल्या. दोघींच्या मध्ये पिशव्यांचा ढीग. त्यातून थर्मास, डबे, शाल आणि गरम पाण्याची पिशवी डोकावत होती. मला पाहताच दोघी एकदम उठल्या. ताईने कपाळाला हात लावला, माईने मनगट धरलं.

"काय झालं तुले?" ताई.

"मला? काही नाही."

"मंग धंतोलीत काहून?"

मी म्हटलं, "मध्यावर पडतं म्हणून."

"कशाच्या मध्यावर?"

"तुमच्या दोघींच्या."

ताईने पदर तोंडाशी नेला. माई मात्र भडकली. "धंतोलीत कोणी राहाले येते काय गा? सकाळपासून फोन करून राहिली मी तुले! जीव गेला होता माहा!" काउंटरवरचे काका तिच्या बाजूने उभे राहिले. "मीबी सायबाले विचारलं बाई, पण ते सांगतच नव्हते." यावर ताईला जे हसू फुटलं ते आवरेना. मग माईलाही. मी तिथे गुन्हेगारासारखा उभा, आणि तरी मला फार बरं वाटत होतं.

वर खोलीत पलंगावर वर्तमानपत्र पसरून डबे उघडले. दोघींनीही आजाऱ्याचं जेवण आणलेलं. मऊ भात, फिकं वरण, मुगाच्या डाळीचं पाणी. बरोबर काटोलची संत्री, तीही दोघींकडची. खाता खाता कळलं की लॉजवर यायच्या आधी दोघी वेगवेगळ्या निघून धंतोलीतल्याच, आईच्या त्या दवाखान्यात गेल्या होत्या. भाऊ भरती असेल तर आधी तिथेच पाहावं, असं दोघींनाही वाटलं. तिथल्या काउंटरवर माझं नाव विचारताना ताईने मागे वळून पाहिलं, तर माई.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय," माई म्हणाली. "ताई म्हणे, इथं नाही तो, मी पाहिलं. मी म्हटलं, चल मंग दुसरीकडं पाहू."

तीन वर्षांनी बोलणं झालं ते एवढं. मी संत्रं सोलून फोडी दोघींपुढे ठेवल्या.

माईने भात कालवला, पण घास घेतला नाही. ताटाकडे पाहतच म्हणाली, "ताई, त्या दिवशी माह्यानं तिथं बसवतच नव्हतं. आईचा श्वास ऐकवत नव्हता मले. तू जा म्हणशील, याचीच वाट पाहून राहिली होती मी."

ताईने थर्मासमधलं वरण माईच्या भातावर ओतलं.

"मले मालूम होतं वं," ती म्हणाली. "म्हणून तं म्हटलं, जा."