गाडी थंड राहू द्या

माझी सेकंडहँड गाडी दोन लाख किलोमीटर पळालेली. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की इंजिनात डब्यातले खिळे हलवल्यासारखा खडखडाट व्हायचा आणि लगेच थांबायचा. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गरम, आवाज गायब. शेवटी मेकॅनिक म्हणाला, “रातभर उभी ठेवा. सकाळी मी घरी येतो. मी येतपर्यंत चावी लावू नका.”

सकाळी तो आला तेव्हा बोनेट तापलेलं होतं. बाबांनी उभा जन्म डिझेल जीप चालवण्यात काढलेला; निघण्याआधी इंजिन गरम करायची सवय हाडात भिनलेली. सांगूनसुद्धा त्यांनी गाडी सुरू करून ठेवली होती.

“कावून सुरू केली, बाबा?” मी ओरडलेच.

“त्या मानसाले थंडीत ताटकळत ठेवू काय? म्हणून गरम करून ठेवली.”

मेकॅनिक हसला, पोहे खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी बाबा मुठीत चावी धरून गाडीपाशी खुर्ची टाकून बसले होते, राखणीला बसल्यासारखे. मेकॅनिक आल्यावर त्यांनीच चावी फिरवली.

“इंजिनातली चेन वाजून राहिली,” तो कान लावून म्हणाला. “उभ्या गाडीत तेल खाली उतरते. ते वर चढतपर्यंत चेन कोरडीच फिरते. तेलाचा फिल्टर हलका आहे, तेल धरून ठेवत नाही, चांगला टाकू.”

फिल्टर बदलला, खडखड गेली. आता गाडी गरम करायची काहीच गरज नाही. तरी मी अकोल्याला ड्युटीवर निघण्याआधी, हातात चहा असतानाच, बाहेर बाबांनी गाडी सुरू केल्याचं ऐकू येतं. हा आवाज मात्र मी कुठल्याच मेकॅनिकला काढू देणार नाही.