हुंगलेलं पेट्रोल

धामणकर नाक्यावरचा चांगदेव मिस्त्री पेट्रोल तळहातावर घेऊन हुंगायचा आणि भेसळीचा निकाल द्यायचा. उलट बोलायची कुणाची टाप नव्हती.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तात्या मास्तरांच्या गाडीचा, इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणारा कॉम्प्युटर जळला. चांगदेवनं भंगारातला दुसरा बसवला. पिना जुळल्या, म्हणजे झालं! तरी गाडी गचके देई. मास्तर बहिणीच्या नवऱ्याच्या पंपावर पेट्रोल भरत. चांगदेवनं ते हुंगलं आणि चारचौघांत ओरडला, "रॉकेल हाय यात! तुमच्या दाजींनीच इंजिनाची वाट लावली."

दसऱ्याला गॅरेजात तात्यांच्या गाडीशेजारी तसलीच दुसरी गाडी पूजेला उभी होती. कुंकू लावण्याआधी दोन्हींचे कॉम्प्युटर पुसताना चांगदेवला त्यांच्यावर वेगवेगळे नंबर दिसले. त्यानं बसवलेला मोठ्या इंजिनाचा होता आणि त्याच मापानं पेट्रोल सोडत होता. दुसऱ्या गाडीचा लावून बघितला, तर इंजिन एकदम शांत.

चांगदेवची मान वर होईना. "तात्या, पेट्रोलात कायच न्हवतं. चूक माझी हाय."

तात्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"मे महिन्यात दाजींच्या घरी भाचीचं लग्न झालं," ते म्हणाले. "मामानं तिला बोहल्यावर न्यायचं असतं. मी घरी बसलो होतो, चांगदेव."