कुठलं आत, तम्मा?

अक्कांना ‘बंद’ हा शब्द चालत नसे. गावात बंद पुकारला की त्या गावाबाहेरच्या केलगेरीहून पायी कामावर येत. आणि “सर्व्हर जरा बंद करू का?” असं कुणी विचारलं, की चष्म्यावरून बघत म्हणत, “श्वास जरा बंद करतोस का?” धारवाडच्या आमच्या इस्पितळात कॉम्प्युटर विभागाच्या त्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. मला त्या तम्मा म्हणत. कन्नडात धाकटा भाऊ.

मी अबोल माणूस, त्यात अपराधी वाटून घ्यायची खोड. शेजारचा पंखा बिघडला तरी तो माझ्याच हातून, असं वाटायचं. “तम्मा, आधी गुन्हा तर होऊ दे,” अक्का म्हणायच्या.

आमच्याकडे लिनक्स नवं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरत आली. खाली ऑपरेशन चालू होतं आणि रक्ताचे रिपोर्ट याच सर्व्हरवरून तिथल्या पडद्यावर जात होते. जागा संपली तर रिपोर्ट थांबणार, सर्व्हर बंद केला तरी थांबणार. मोठ्या डॉक्टरांचा फोन आला, “अक्का, कधी बंद करताय?”

“नाही करत,” म्हणून अक्कांनी फोन ठेवला.

मशीनमध्ये एक नवी डिस्क रिकामीच होती. ती जुन्या साठ्याला जोडायची, पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेली जागा, वाढवायचं आणि शेवटी त्यावरची फाइलींची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टिम. सगळं लिनक्स चालू असतानाच. अक्कांचं सूत्र होतं, “आधी ताट मोठं, मग वाढप. आणि ताटाला हात लावायच्या आधी बॅकअप.”

बॅकअपची टेप पलीकडच्या खोलीत सदानंद बघायचा. मी हाक मारली, “सदानंद, बॅकअप?”

“आत,” पलीकडून उत्तर आलं.

मी कमांड लिहिली. बोट एंटरवर गेलं.

“थांब. कुठलं आत, तम्मा? मराठी की कन्नड?”

धारवाडी कन्नडात ‘आत’ म्हणजे ‘झालं’. मी तेच ऐकलं होतं. सदानंद पडला जुन्या हुबळीचा मराठी माणूस. त्याची टेप नुसती आत गेली होती. बॅकअप अजून सुरूही झाला नव्हता.

मी बोट मागे घेतलं. आजवर कुणाला सांगितलं नाही, पण मला तिथून पळून जायचं होतं. अक्कांनी खुर्ची सोडू दिली नाही. “दाबलंस का? नाही ना? मग न घडलेल्या पापाचं प्रायश्चित्त कशाला? बस. तूच दाबायचंस.”

उरलेली जागा आटताना बघत आम्ही बसून राहिलो. अखेर सदानंद स्वतः दारात आला. “झालं, अक्का. शुद्ध मराठीत झालं. तपासूनही घेतलं.”

मी एंटर दाबलं. डिस्क जोडली गेली, पार्टिशन वाढलं, मग फाइल सिस्टिम पसरली. काठोकाठ भरलेला सर्व्हर बघता बघता अर्धा रिकामा दिसू लागला. एकही रिपोर्ट अडला नाही. अक्कांनी फोन उचलला, “डॉक्टर, झालं.”

“कधी? इथे तर काहीच जाणवलं नाही.”

अक्कांनी माझ्या पाठीत अशी थाप घातली, की मी ठसकलो.

त्यांच्या निरोप समारंभात एक विश्वस्त बोलून गेले, “बाईंच्या काळात कॉम्प्युटर विभागात विशेष असं काही घडलंच नाही.” पहिली टाळी अक्कांनीच वाजवली. दुसरी माझी. मग मागून सदानंद टाळ्या वाजवत उठला. लोकांना कारण कळेना, पण तेही उठले, आणि विश्वस्तांना भाषण तिथेच आवरावं लागलं.