अण्णांच्या डोळ्यांचं पथ्य

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मोबाइल विहिरीत फेकून द्यावा असं मला अजूनही वाटतं. त्यातच त्यांनी तो व्हिडिओ पाहिला: परदेशात काचबिंदूवर गांजाचं औषध देतात. अण्णांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. लातूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. हे जन्मभर काही त्यांना पटलं नाही. एस.टी.चे जुने ड्रायव्हर. बिघाड झाला की एकदाच दुरुस्त करून मोकळं व्हायचं, असा खाक्या.

मुखेडला त्यांच्या भजनी मंडळात भांगेच्या गोळ्या करणारे एक काका होते. झालं! मी नांदेडहून रोज फोनवर विचारायचो, "औषध घेता ना?"

"हाव, टायमावर."

मीही खुळ्यासारखा निश्चिंत.

तपासणीला लातूरला नेलं, तर डोळ्यांतलं प्रेशर वाढलेलं आणि नजर आणखी गेलेली. अण्णांनी गोळ्यांचं सरळ सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "भांग-गांजानं प्रेशर उतरतं, खोटं नाही. पण काही तासच, मग परत चढतं. कायम उतरलेलं ठेवायचं तर दिवसरात्र नशेत राहावं लागेल. पण थेंब चालू असताना इतकं वाढलं कसं?"

"थेंब कशाला टाकू?" अण्णांनाच नवल वाटलं. "देशी दवा चालू असली की इंग्रजी बंद. पथ्य हाय ते."

हे पथ्य त्यांना ना व्हिडिओनं सांगितलं होतं, ना काकांनी. काविळीची मुळी असो की मुतखड्याचा काढा, आमच्याकडे हे सगळ्यांना न सांगताच पाठ असतं. अण्णांनी तर वांगं आणि लोणचंही सोडलं होतं. बेफिकीर माणसाला झापता येतं. यांनी मन लावून डोळे घालवले होते. तरी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर ओरडलोच.

"आता थेंब टाकले तर गेलेलं येते का?" त्यांनी विचारलं.

"नाही येत," मी म्हणालो.

आता थेंब आई टाकते. परवा जेवताना अण्णा कुरकुरले, "चटणी न्हाई वाढली?" चटणी ताटात डावीकडे होती, नेहमीच्या जागी. मी काही बोलणार, तेवढ्यात आईनं मला नजरेनंच गप्प केलं आणि थोडी चटणी उजवीकडे, भाजीशेजारी वाढली.

"आत्ता याद आली व्हय?" अण्णा म्हणाले आणि जेवायला लागले.