वेळेआधी हसणारी बाई

“माझी बायको कुठे गेली?” मार्टीने विचारलं.

बायको त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. आमच्या प्रिव्ह्यू रूममधला फुकटचा डोनट खात होती. मार्टीचं वय ऐंशीच्या पुढे. मला वाटलं, म्हाताऱ्याचा फ्यूज उडाला. मी अत्यंत आदराने तिच्याकडे बोट दाखवलं.

“ही नाही रे. त्यातली!” त्याने पडद्याकडे हात केला.

पडद्यावर तीन वेट्रेस आणि एक चिडका मालक होता. हायवेवरच्या डायनरमध्ये घडणारी ही जुनी विनोदी मालिका. डायनर म्हणजे आपला ढाबाच समजा, फक्त खाट नाही आणि कपातली कॉफी कधी संपू देत नाहीत. मार्टी तिचा मुख्य लेखक. त्याच्या सहीशिवाय मालिका पुन्हा प्रसारित करता येणार नाही, असं करारात लिहिलेलं. आणि माझा बॉस केविन याने क्लाएंटला लाँचची तारीख आधीच देऊन ठेवलेली.

मी न्यू जर्सीत साउंड रिस्टोरेशन करतो. जुन्या टेपवरची खरखर, फ्रिजची घरघर काढून आवाज स्वच्छ करायचा. माझी बायको नातेवाइकांना सांगते, “आवाजाची लाँड्री आहे ह्यांची.”

ही मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड झाली होती. ऐकताना मला प्रत्येक एपिसोडमध्ये एक दोष सापडला. जोक पूर्ण व्हायच्या आधीच एक बाई हसायची. बाकीचे लोक नंतर. मी लगेच निदान केलं: प्रिंट-थ्रू. टेप गुंडाळून वर्षानुवर्षं पडली की एका थरावरचा मोठा आवाज खालच्या थरावर पुसट उमटतो. मग तो आवाज खरा यायच्या आधी त्याचं भूत ऐकू येतं.

मी ते भूत सगळ्या एपिसोडमधून काढलं. केविनला आधीचं आणि नंतरचं ऐकवलं. तो म्हणाला, “दोन्ही मस्त आहेत.”

खरं सांगायचं तर मला शंका आली होती. भूत पुसट असतं, ही बाई खणखणीत होती. शिवाय नंतरच्या हशाशी तिचं हसणं जुळतही नव्हतं. पण दोषाला नाव सापडलं की मी तपासायचं थांबतो. घरीही तेच करतो. असो.

“ती मी होते, हनी,” मार्टीची बायको डॉट बोटावरची साखर चाटत म्हणाली. “पहिली रांग, माइकच्या बरोबर खाली. दर शुक्रवारी. तू मला काय समजलास?”

“प्रिंट-थ्रू.”

“माझ्या पहिल्या नवऱ्याने याहून वाईट नावं ठेवली होती.”

मार्टी मात्र हसला नाही. “तिचं नाव कुठल्याच श्रेयनामावलीत नाही. त्या मालिकेत ती त्या हसण्यापुरतीच आहे. ती नाही, तर माझी सही नाही.”

केविनने मला कॉरिडॉरमध्ये ओढलं. “परत करायला किती वेळ लागेल?”

“मूळ फाइल्स आहेत. पण सगळे एपिसोड पहिल्यापासून करावे लागतील.”

“वेड लागलंय का? बाई समोर बसलीय. बूथमध्ये घाल, हसव, चिकटव.”

नाही म्हणायला हवं होतं. मी ओके म्हणालो.

बूथ म्हणजे आवाजबंद छोटी खोली. आत माइक, मी आणि डॉट. काचेपलीकडे केविन आणि मार्टी. मी पहिला जोक लावला. गिऱ्हाईक विचारतं, “या चिकन सूपमध्ये चिकन कुठे आहे?” वेट्रेस म्हणते, “तिची शिफ्ट संपली.”

डॉटचा चेहरा डेंटिस्टकडे नंबर लावून बसल्यासारखा.

“हसा ना,” मी म्हणालो.

“कशाला?”

“तेव्हा तर हसायचात. जोक संपायच्या आधीच.”

तिने हेडफोन काढून गळ्यात घातला. “हे बघ हनी, मार्टीशी लग्न व्हायच्या आधी मी खऱ्या डायनरमध्ये वेट्रेस होते. काउंटरवर टिपची बरणी असते ना? रिकाम्या बरणीत कुणी काही टाकत नाही. म्हणून सकाळी आल्या आल्या पहिली नोट मी माझीच टाकायचे. तसंच हे. मार्टी कॅमेऱ्यामागे उभा असायचा. शर्ट घामाने ओला, जोकबरोबर ओठ हलतायत. लोक हसले नाहीत तर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मग मी आधी हसायचे. माझ्या मागून बाकीचे सुटायचे.”

“म्हणजे तुम्हाला ते जोक…”

“भयंकर होते! सूपवाला तर गुन्हा आहे. त्याला सांगू नकोस हां. त्याला वाटतं, मला हसू आवरायचंच नाही.”

माइकवरचा लाल दिवा चालू होता. तो मीच चालू केला होता. काचेपलीकडे केविन छताचं निरीक्षण करत होता. मार्टीने चष्मा काढला होता.

स्पीकरमधून मार्टीचा आवाज आला. “डॉट, सूपवालासुद्धा?”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मी इथे वर्णन करत नाही. मग काचेकडे वळली. “सूपवाला सगळ्यात जास्त.”

“आणि टायर पंक्चर होतो तो एपिसोड?”

“तो बरा होता.”

“बरा?”

“मार्टी, त्या लाकडी बाकावर माझी कंबर गेली. जोकसाठी कोण बसतं तिथे?”

मला जमिनीत जायचं होतं, पण खाली पार्किंग आहे. शेवटी मार्टीने नाक शिंकरलं आणि म्हणाला, “तरी मला सूपवाला अजून…”

वाक्य संपायच्या आत डॉट फुटली. आवाजाच्या मीटरचा काटा थेट लालमध्ये. खुर्चीचा हात धरून ती हसत होती आणि पलीकडे मार्टी काचेवर हात आपटत होता.

केविनने दोन्ही अंगठे वर केले. “मिळालं! हेच वापर!”

“नाही,” मी म्हणालो. “हे सूपचं हसू नाही. मी सगळं पहिल्यापासून करतो. तारखेचं तू क्लाएंटला सांग.”

व्हिसावर असताना मी हे बोललो नसतो. सिटिझनशिप मिळाली की पाठीचा कणा थोडा परत येतो. केविन जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यातलं बरंचसं खरं होतं.

लाँच पुढे ढकललं गेलं. वेळेआधी हसणारी बाई प्रत्येक एपिसोडमध्ये आपल्या जागी परत आली. मार्टीने सही केली आणि बूथमधल्या रेकॉर्डिंगची कॉपी मागून घेतली. अजिबात साफ न करता, असं बजावून.

मी शिकलो ते एवढंच: एखादा आवाज चुकीच्या वेळी आला तर तो काढण्याआधी कोणाचा आहे ते विचारावं. केविननेही धडा घेतला. आमच्या चेकलिस्टमध्ये त्याने एक ओळ वाढवली आहे: “लेखकाला बायको आहे का?”